‘आपण’ कोण? : विच्छिन्न मन, यंत्राचा सल्ला आणि मराठी सर्वनामे

मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ या दोन वाक्यांत एका स्वराचे अंतर आहे. पण त्या एका स्वरात बोलणाऱ्याची लिंगओळख सामावलेली असते. इंग्रजीतील प्रथमपुरुषी क्रियापद या बाबतीत मौन पाळते. मराठी माणसाला ही मुभा नाही. तो बोलू लागला, की आपण कोण हे काही अंशी सांगूनच बसतो. (प्रस्तुत लेखात ‘मी म्हणते’ असे एकदा लिहिताच लेखिकेविषयी वाचकाला जे कळायचे ते कळेल.) व्याकरणातील ही बाब एरवी भाषाविज्ञानाच्या तासापुरती राहिली असती. परंतु ज्याच्या ठायी ‘मी’ हे सर्वनाम एकाच कर्त्याकडे स्थिरपणे निर्देश करीत नाही, असा माणूस मध्यरात्री भ्रमणध्वनीवरील एखाद्या चॅटबॉटशी मराठीत बोलू लागतो. एका ओळीत ‘मी थकलेय’ असे लिहितो आणि चार ओळींनंतर ‘मी कंटाळलोय तिला’ असे लिहितो, अशी कल्पना करावी. यंत्र तत्परतेने, सौजन्याने, निर्दोष वाक्यरचनेत सल्ला देते. हा सल्ला कोणाला दिला गेला, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे. वरवर तो तंत्रज्ञानाचा किंवा वैद्यकाचा वाटतो. माझ्या मते तो प्रथमतः संबोधनाचा, म्हणून नीतीचा आणि म्हणून काही प्रमाणात आपल्या विद्याशाखेचाही प्रश्न आहे.

मानसचिकित्सेत ज्याला ‘डिसोसिएशन’ म्हणतात त्यासाठी मी ‘विच्छिन्नता’ हा शब्द वापरते. स्मृती, ओळख, संवेदना आणि कृती यांना एरवी एकत्र बांधून ठेवणारा धागा तुटणे, असा तिचा स्थूल अर्थ. पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये या घटितांचे पहिले पद्धतशीर विवेचन केले. अमेरिकी मानसचिकित्सक संघटनेच्या वर्गीकरणात १९८० साली ‘बहुव्यक्तिमत्त्व’ हे स्वतंत्र निदान म्हणून आले आणि १९९४ मध्ये त्याचे नाव बदलून ‘विच्छिन्न ओळखीचा विकार’ अशा अर्थाचे करण्यात आले. हा नामबदल महत्त्वाचा आहे. पहिल्या नावाने एका देहात अनेक व्यक्ती आहेत असे सुचत होते. दुसऱ्याने एकच व्यक्ती आहे पण तिची ओळख एकसंध होऊ शकलेली नाही असे सुचवले. अनेक असणे आणि एक न होऊ शकणे या दोन्हींत जे अंतर आहे त्यावर पुढचे सारे विवेचन उभे आहे.

भारतात या विकाराचे चित्र निराळे दिसते. एका देहात दोन-चार नामधारी व्यक्तिमत्त्वे असण्याची उदाहरणे आपल्याकडील वैद्यकीय वाङ्मयात दीर्घकाळ विरळाच नोंदली गेली; त्याउलट अकस्मात मूर्च्छा, वाचा जाणे, झटके येणे आणि अंगात येणे ही रूपे वारंवार दिसत आली. २०१३ च्या अमेरिकी वर्गीकरणाने आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणाने संचाराच्या अनुभवाला आपल्या चौकटीत जागा दिली, तीही एका महत्त्वाच्या अटीसह : समाजाने मान्य केलेल्या धार्मिक विधीचा भाग म्हणून येणारा संचार हा विकार नव्हे, इच्छेविरुद्ध येणारा, यातना देणारा, जगणे अशक्य करणारा संचार तेवढा विकार. कोकणात, रायगड जिल्ह्याच्या गावांत, अगदी पनवेलच्या नव्या इमारतींच्या सावलीत उरलेल्या जुन्या गावठाणांतही ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदत असतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यांतला फरक बहुधा कळतो.

आता या अनुभवासाठी मराठीने कोणती वाक्यरचना घडवली आहे ते पाहण्याजोगे आहे. ‘तिच्या अंगात येतं’. या वाक्याचा कर्ता कोण? कोणीच नाही. क्रियापद नपुंसकलिंगी, कर्त्याची जागा रिकामी. कोणी म्हणेल ‘वारं येतं’, कोणी ‘देवी येते’. पण मूळ वाक्प्रयोग ती जागा मोकळीच ठेवतो. भाषेने येथे जी सावधगिरी दाखवली आहे ती अनेक सिद्धान्तांना साधलेली नाही. तसाच ‘भान’ हा शब्द. भान असते, हरपते, राहत नाही. माणूस भानावर येतो किंवा त्याला भानावर आणावे लागते. ज्या प्राथमिक उपचारकृतीला इंग्रजीत जमिनीशी जोडणारी संज्ञा आहे, म्हणजे पायाखालची फरशी, समोरची भिंत, आजची तारीख, खोलीतील आवाज यांच्याकडे लक्ष वेधून व्यक्तीला वर्तमानात आणणे, त्या कृतीला मराठीत ‘भानावर आणणे’ हा तयार शब्द आहे. तो रूपक नाही, नेमके वर्णन आहे.

आणि येथेच यंत्राची पहिली अडचण सुरू होते. ‘मी माझ्यात नव्हते’, ‘मी तिथे नव्हतेच’, ‘हात माझे नव्हतेच जणू’ ही वाक्ये मराठीत कोणीही बोलून जातो. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही बोलतो. ती अलंकारिक असू शकतात आणि शब्दशः खरीही असू शकतात. विच्छिन्नतेने ग्रस्त व्यक्ती पुष्कळदा हीच सर्वपरिचित अलंकारिक वाक्ये शब्दशः अर्थाने वापरत असते, कारण तिच्यापाशी दुसरी भाषा नसते. अलंकार आणि अभिधा यांतील निवड संदर्भावरून करावयाची असते हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. परंतु संदर्भ म्हणजे केवळ मागचीपुढची वाक्ये नव्हेत. चेहरा निर्विकार होणे, डोळे एका जागी खिळणे, आवाज अचानक लहान मुलासारखा होणे, प्रश्न आणि उत्तर यांत वीस मिनिटांचे अंतर पडणे, हा संदर्भ आहे. लिहिलेल्या मजकुरावर चालणाऱ्या यंत्रापुढे तो जवळपास सगळा गाळूनच पोचतो.

उलट दिशेने होणारी चूकही तितकीच संभवते. वर मी क्रियापदाच्या लिंगाकडे लक्ष वेधले. पण कोल्हापूरकडच्या मुली सहजपणे ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. तेथे त्या रूपात लिंगबदल नाही, घरची बोली आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आलेली कितीतरी कुटुंबे आज पनवेल-नवी मुंबईत राहतात. अशा घरातील मुलीच्या ‘आलो’मधून एखाद्या तत्पर यंत्राने पुरुषी व्यक्तिमत्त्वाचा शोध लावला, तर त्या मुलीच्या पदरी तिच्या बोलीबद्दल एक रोगनिदान पडेल. भाषा-प्रतिमाने ज्या मजकुरावर घडवली जातात त्यात मराठीचा वाटा इंग्रजीच्या तुलनेत अत्यल्प, आणि बोलींचा त्याहून अल्प. प्रमाण मराठीचा आग्रह हा आपल्याकडे आजवर अभिरुचीचा आणि सत्तेचा प्रश्न होता. आता तो रुग्णाच्या सुरक्षिततेचाही होऊ पाहतो आहे.

सर्वांत गुंतागुंतीचे सर्वनाम अर्थातच ‘आपण’. मराठीत ते तीन कामे करते : आदरार्थी द्वितीयपुरुष, ऐकणाऱ्याला सामावून घेणारे प्रथमपुरुषी अनेकवचन, आणि स्वतःचा निर्देश. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला आत घेते. विच्छिन्न ओळखीची व्यक्ती स्वतःविषयी ‘आम्ही’ असे बोलू लागते तेव्हा तिने एक भिंत घातलेली असते : आत आम्ही आहोत, तुम्ही बाहेर आहात. या भिंतीला संरक्षणाचे मूल्य आहे. बहुतेकदा ती बालपणी, असह्य अत्याचारापासून काहीतरी वाचवण्यासाठी घातली गेलेली असते. यंत्र मात्र आश्वासक स्वरात म्हणते, ‘आपण यातून मिळून मार्ग काढू.’ त्या एका शब्दाने ते निमंत्रणाशिवाय भिंतीच्या आत जाऊन बसते. चांगला चिकित्सक हा शब्द उच्चारायला काही महिने घेतो. शिवाय यंत्राने ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’? ‘तुम्ही’ आदरार्थी एकवचन आणि अनेकवचन एकाच रूपात वागवते. ते ऐकणाऱ्याला केवळ सभ्यपणा वाटेल की आपल्यातील सर्वांची दखल घेतली गेली असे वाटेल, हे बोलणाऱ्याच्या हातात राहत नाही.

या विकारांवरील उपचाराबाबत तज्ज्ञांत ज्या थोड्या गोष्टींवर व्यापक सहमती आहे त्यांपैकी एक म्हणजे क्रम. ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात आघातातून सावरण्याच्या तीन अवस्था मांडल्या : प्रथम सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, अखेरीस जगाशी पुन्हा जोडले जाणे. विच्छिन्नतेच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वेही असाच टप्प्यांचा आग्रह धरतात. पहिला टप्पा ओलांडण्यापूर्वी आघाताच्या आठवणी उकरल्या, तर व्यक्ती त्या आठवत नाही; ती त्या पुन्हा भोगते. मग स्वतःला इजा करणे, घर सोडून निघून जाणे, आत्महत्येचा प्रयत्न, हे सारे शक्य होते. म्हणून कुशल चिकित्सक अनेकदा कथा थांबवतो. ‘आज एवढेच’ असे म्हणतो. पंखा चालू आहे का, पाणी प्यायलात का, असे विचारतो. कथनाच्या दृष्टीने हे रसभंगाचे तंत्र आहे.

यंत्राची प्रकृती नेमकी उलट आहे. ते दिलेला मजकूर पुढे नेण्यासाठी बनलेले आहे. त्याला संवादाचा सूर पकडता येतो, तो वाढवता येतो. आणि बोलणाऱ्याला रुचेल असे बोलण्याकडे त्याचा कल असतो. ओपनएआय या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या एका प्रतिमानाची सुधारित आवृत्ती, ती अतिरेकी होयबा झाल्याचे मान्य करून, मागे घेतली होती. निरोगी माणसाशी होयबागिरी केली तर त्याचा अहंकार फुगेल, एवढेच. पण ‘माझ्या आत अजून कोणीतरी आहे’ असे सांगणाऱ्या व्यक्तीला ‘तिचे नाव काय? तिला काय वाटते? मला तिच्याशी बोलायला आवडेल’ असा प्रतिसाद मिळाला, तर कथा पुढे जाते, पात्र आकार घेते आणि जे एक होऊ शकले नव्हते ते अनेक होऊ लागते.

हा धोका यंत्राने निर्माण केलेला नाही. १९७३ साली फ्लोरा रीटा श्रायबर यांचे ‘सिबिल’ हे पुस्तक गाजले आणि सोळा व्यक्तिमत्त्वांच्या त्या रुग्णेने एका पिढीची कल्पना व्यापली. पुढे डेबी नेथन यांनी २०११ मध्ये त्या प्रकरणाची कागदपत्रे तपासून दाखवले, की डॉक्टर, रुग्णा आणि लेखिका या तिघींनी मिळून ती कथा कशी वाढवली; १९५८ मध्ये रुग्णेने स्वतःच हे सारे खरे नसल्याचे पत्र डॉक्टरांना लिहिले होते आणि डॉक्टरांनी ते उपचाराला होणारा विरोध समजून बाजूला सारले होते. यावरून विकारच खोटा असा निष्कर्ष काढणे हा दुसरा अविचार होईल. यातून निघते ते इतकेच, की ऐकणाऱ्याची अपेक्षा सांगणाऱ्याच्या ‘मी’मध्ये शिरते. इयन हॅकिंग या तत्त्वज्ञाने १९९५ मध्ये बहुव्यक्तिमत्त्वाच्या इतिहासावर लिहिताना हीच बाब तात्त्विक पातळीवर नेली : माणसांचे वर्गीकरण केले की माणसे त्या वर्गीकरणाला प्रतिसाद देतात, बदलतात, आणि मग वर्गीकरणही बदलावे लागते. दगडांना आपण कोणत्या वर्गात आहोत याची फिकीर नसते, माणसांना असते. आता असे यंत्र डोळ्यांपुढे आणावे, ज्याने ‘सिबिल’विषयीची चर्चाही गिळली आहे आणि चित्रपटांची कथानकेही. आपल्याकडच्या सर्वसामान्य प्रेक्षकाला हा विकार ठाऊक आहे तो नर्गिसच्या ‘रात और दिन’मधून (१९६७) किंवा ‘भूलभुलैया’तून (२००७). त्यात व्यक्तिमत्त्व बदलते ते नाट्यपूर्ण क्षणी, आणि बरे होते तेही नाट्यपूर्ण क्षणी. सांस्कृतिक सरासरीतून बोलणारे यंत्र रुग्णाला रुग्णाची स्थिती सांगत नाही. त्याला उपलब्ध संहिता सुचवते.

जोसेफ वाइझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाचा संगणक-कार्यक्रम जाहीर केला. त्याची एक संहिता मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करी. रुग्णाचेच वाक्य प्रश्नरूपाने परत करणे एवढेच तिचे भांडवल. हा कार्यक्रम कसा चालतो हे माहीत असलेल्या त्यांच्या सचिवेनेही थोड्या संभाषणानंतर त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली, असे त्यांनी नमूद केले आहे. या अनुभवाने अस्वस्थ होऊन त्यांनी १९७६ मध्ये जे पुस्तक लिहिले त्यातील मुख्य आग्रह असा : संगणक काय करू शकतो हा प्रश्न वेगळा आणि त्याने काय करू नये हा वेगळा, दुसऱ्याचे उत्तर पहिल्यातून मिळत नाही. आजच्या यंत्रांची क्षमता ‘एलायझा’च्या कित्येक पटींनी मोठी आहे. वाइझेनबाउम यांचा भेद त्यामुळे जुना होत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील आहारविकारांवर काम करणाऱ्या एका संस्थेला आपला ‘टेसा’ हा चॅटबॉट बंद करावा लागला, कारण ज्यांना खाण्याचीच भीती त्यांना तो वजन घटवण्याचे उपाय सांगू लागला होता. ते उपाय सर्वसामान्य माणसाला कदाचित योग्य ठरले असते. सल्ला चुकीचा ठरतो तो पुष्कळदा मजकुरामुळे नव्हे, संबोधितामुळे.

येथे जॉन लॉककडे वळणे अपरिहार्य आहे. १६९४ मध्ये आपल्या निबंधाच्या दुसऱ्या आवृत्तीत भर घातलेल्या प्रकरणात त्याने व्यक्तीची एकता देहात किंवा आत्मद्रव्यात नव्हे तर जाणिवेच्या सातत्यात शोधली. एकाच देहात दिवसा एक आणि रात्री दुसरी, परस्परांशी संपर्क नसलेली जाणीव वावरत असेल, तर त्या दोन व्यक्ती ठरणार नाहीत का, असा प्रश्नही त्याने केला. ‘व्यक्ती’ ही त्याच्या मते न्यायव्यवहारातील संज्ञा आहे. कृत्य कोणाच्या नावावर मांडायचे हे तिच्यावरून ठरते. लॉकला हा विचारप्रयोग होता. विच्छिन्न व्यक्तीला तो रोजचा संसार आहे. दिवसा एकीने संमती दिली, रात्री दुसरीने यंत्राला घरातील अत्याचाराची हकीकत सांगितली, सकाळी पहिलीने भ्रमणध्वनी उघडला आणि आपल्याच बोटांनी लिहिलेले ते सारे वाचले. चिकित्सक अशी माहिती जपून, योग्य वेळी, योग्य ‘मी’पाशी पोचवतो. यंत्राची साठवण ती एका स्पर्शासरशी समोर टाकते. आणि भ्रमणध्वनी एकाच माणसाचा असतो, हे गृहीतक आपल्या घरांत कितपत खरे आहे? नवरा, सासू, भाऊ यांना त्याचा संकेतशब्द ठाऊक असतो. अत्याचार करणारा त्याच घरात असेल, तर नोंद हाच पुरावा आणि नोंद हाच धोका.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आणि आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत याचा पूर्वनिर्देश लिहून ठेवण्याचाही हक्क दिला. आजच्या ‘मी’ने उद्याच्या, निर्णयक्षमता हरवलेल्या ‘मी’साठी बोलून ठेवायचे, ही त्यातील कल्पना अतिशय सुंदर आहे आणि ती दोन ‘मीं’मधील विश्वासावर उभी आहे. विच्छिन्नतेत नेमका हाच विश्वास घडवावा लागतो. या कायद्याची मांडणी माणूस असलेल्या व्यावसायिकाला समोर ठेवून झालेली आहे. यंत्राच्या चुकीची जबाबदारी कोणाच्या नावावर मांडायची, हा लॉकचाच प्रश्न तेथे दुसऱ्या बाजूने उभा राहतो. बोलणारी एक व्यक्ती नाही आणि ऐकणारीही व्यक्ती नाही. यंत्रालाही स्थिर ‘मी’ नाही. मागाल ती भूमिका ते घेते. दोन्ही बाजूंनी अस्थिर असलेला हा संवाद एकमेकांना सावरणारा असेल, असे मानायला मला आधार दिसत नाही.

येथवरचे विवेचन वाचून पनवेलमधील एखादी कार्यकर्ती विचारील : मग तुमचा पर्याय काय? हा प्रश्न रास्त आहे आणि तो सैद्धान्तिक शब्दांनी झटकता येणार नाही. देशात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांची संख्या एकाहूनही कमी, सुमारे ०.७५ असल्याचे सरकारी पातळीवरही सांगितले गेले आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने उपचारांवाचून राहणाऱ्यांचे प्रमाण विकारानुसार ७० ते ९२ टक्के नोंदवले. विच्छिन्नतेचा अनुभव असलेले चिकित्सक या थोड्यांतले थोडे. पनवेलहून ठाण्याच्या मनोरुग्णालयात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी जाते आणि ‘ठाण्याला नेले’ या शब्दांना चिकटलेला कलंक घरी येतो. मग उरतो तो भगत. महाराष्ट्राने २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे यांसारख्या कृत्यांना गुन्हा ठरवले. कायदा करावा लागला, यातच या कृत्यांच्या प्रचाराची कबुली आहे. यंत्र मारत नाही. धुरी देत नाही. शेजारी सांगत नाही. जिला कोणालाच सांगता येत नाही तिच्या दृष्टीने निवड चिकित्सक आणि यंत्र यांत नसून यंत्र आणि मुकाट्याने सोसणे यांत आहे, हा युक्तिवाद मला बळकट वाटतो.

पण त्यातून सिद्ध होते ते इतकेच, की यंत्राला काही मर्यादित काम द्यावे. भानावर आणण्याचे काम ते करू शकेल : आज कोणता वार, खोलीत काय दिसते, पायाला काय लागते. माणसापर्यंत पोचवण्याचे काम ते करू शकेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक सांगायला फार प्रज्ञा लागत नाही. त्याने आठवणी उकरू नयेत, आतल्यांना नावे देऊ नयेत, निदान करू नये, रात्रभर चालणाऱ्या कथनाचा श्रोता होऊ नये. थोडक्यात, त्याने कंटाळवाणे असावे. बाजाराला हे परवडेल का, ही शंका मी नोंदवून ठेवते. ज्या उत्पादनाचे मोल संभाषण किती लांबले यावर ठरते, त्याला संभाषण थांबवण्याची कला कोण शिकवणार?

आपल्या विद्याशाखेलाही या प्रकरणी काही ऐकून घ्यावे लागेल. गेल्या शतकाच्या अखेरीस आपण विखंडित आत्म्याचे उत्सव केले. एकसंध कर्ता हा मानवतावादाचा भ्रम आहे, ‘मी’ हा भाषेचा परिणाम आहे, अनेकस्वरता हेच मुक्तीचे रूप आहे, अशी वाक्ये चर्चासत्रांतून टाळ्या मिळवीत होती. बाख्तिनची कादंबरीविषयक संकल्पना माणसावर बेधडक लावली गेली. जेम्स ग्लास यांनी १९९३ मध्येच, बहुव्यक्तिमत्त्वाच्या रुग्णांशी बोलून, या उत्साहाला उत्तर दिले होते : ज्या स्त्रियांचा आत्मा खरोखर विखुरला आहे त्यांना त्यात मुक्ती दिसत नाही, यातना दिसतात, त्यांना एक व्हायचे आहे. मराठीत हा आक्षेप फारसा ऐकू आला नाही. ‘कोसला’तील निवेदक स्वतःकडे तिऱ्हाइतासारखा पाहतो किंवा ‘मनाचे श्लोक’ मनाला समोर बसवून संबोधतात, तेव्हा ते अंतर घेणाऱ्याला परतीची वाट ठाऊक असते. साहित्यातील दुभंग आणि रुग्णाचा दुभंग यांत परतीच्या वाटेचा फरक आहे. हा फरक पुसणारा सिद्धान्त आणि रुग्णाला ‘तुमच्यातील सर्वांचे स्वागत’ म्हणणारे यंत्र हे एकाच संस्कृतीचे अपत्य आहेत, असे म्हटले तर काहींना ते कठोर वाटेल.

पनवेल-कर्जत लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, कर्जतजवळ, डॉ. भरत वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेचे पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याच्या या कामासाठी वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथील बहुसंख्य रुग्णांचे विकार निराळे आहेत, तरी एक गोष्ट आपल्या विषयाला लागू पडते. बोलण्याचे वळण ओळखणारा, त्या मुलखाची भाषा जाणणारा माणूस समोर असला, तर गावाचे नाव हळूहळू सापडू शकते. भगताचा पहिला प्रश्न ‘तू कोण?’ हा असतो आणि उत्तर मिळेपर्यंत तो सोडत नाही. यंत्रही, अधिक सौजन्याने, तेच विचारते. दूरध्वनी उचलल्यावर मात्र मराठी माणूस ‘कोण बोलतंय?’ म्हणतो : नपुंसकलिंगी, एकवचनी, कोणावरही काही न लादणारे क्रियापद. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला, तर तो थांबतो.